मान मोडून अभ्यास

अभ्यासिकेतली खुर्ची, हातातला मोबाइल आणि रीलमधले ‘पोश्चर’वाले. मानदुखीचा बाजार सध्या जोरात आहे. पण विशीतल्या मानेला खरंच हवंय काय?

रात्री साडेअकरा वाजता पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा नवी पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत डोकावून बघा. लाकडी कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दिवा, आणि दिव्याखाली झुकलेलं एक डोकं. थोडं थांबलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. दर दोन-चार मिनिटांनी कुणीतरी हात मागे नेतं, मानेचा खालचा भाग चोळतं, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कटकन वळवतं आणि पुन्हा वाचायला लागतं.

‘मान मोडून अभ्यास करतोय’ हे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. आता ते शब्दशः खरं व्हायला लागलंय.

आणि हे फक्त स्पर्धा परीक्षावाल्यांचं नाही. इंजिनीअरिंगची सबमिशन्स, आर्किटेक्चरच्या शीट्स, सीएची आर्टिकलशिप, बेडवर पालथं पडून बघितलेली वेब सिरीज, लोकलमध्ये उभ्याउभ्या स्क्रोल केलेलं इन्स्टा. वयाच्या विसाव्या वर्षी ‘मान धरली यार’ हे वाक्य आता कुणालाच खटकत नाही. २०२० मध्ये जगभरात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा २६ कोटी ९० लाखांवर जाईल, असा अंदाज ‘लॅन्सेट रुमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने मांडलाय. म्हणजे मानदुखी कुणा एकाच्या वाईट सवयीची गोष्ट राहिलेली नाही.

तरीही कुणी मान चोळताना दिसलं की आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो. घरचे म्हणतात, ‘त्या मोबाइलने झालंय.’ मावशी म्हणते, ‘स्पॉन्डिलायटिस असणार, आमच्या ह्यांना पण होता.’ रील म्हणते, ‘हा बेल्ट लावा, सात दिवसांत फरक.’ आणि सलूनवाला केस कापून झाल्यावर न विचारताच दोन्ही हातांत डोकं धरतो. या चौघांपैकी कुणाचं ऐकायचं? माझ्या मते एकाचंही नाही. का, ते बघूया.

२७ किलोचं भूत

‘मोबाइलमध्ये बघताना तुमच्या मानेवर २७ किलो वजन येतं’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणार. सोबत एक चित्रही असतं. वाकलेला माणूस, बाजूला १५, ३०, ४५ आणि ६० अंशांचे कोन, आणि प्रत्येक कोनासमोर वाढत जाणारे किलो. हे आकडे आले कुठून? न्यूयॉर्कमधले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये एक गणित मांडलं. डोकं सरळ असताना त्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. ते ६० अंशांत पुढे झुकलं की मानेवर येणारा भार सुमारे २७ किलोंपर्यंत जातो, असं त्या गणितात निघालं.

यातलं भौतिकशास्त्र बरोबरच आहे. पाण्याने भरलेली कळशी छातीशी धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथेही. पण ते कॉम्प्युटरवरचं मॉडेल होतं. त्यात कुणाची मान किती दुखते, हे मोजलेलंच नव्हतं. जास्त भार म्हणजे इजा, ही उडी पुढे जाहिरातवाल्यांनी मारली. उद्या कुणी म्हणालं की जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनापेक्षा जास्त भार येतो, तर आपण जिना चढणं सोडत नाही ना?

मग प्रत्यक्ष माणसं तपासल्यावर काय दिसलं? ब्राझीलमध्ये १८ ते २१ वर्षांच्या १५० मुलामुलींचा अभ्यास झाला. मोबाइल बघताना त्यांची मान किती झुकते हे बघितलं आणि त्यांना मानदुखी आहे का, हे विचारलं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला की दोन्हींचा संबंध आढळला नाही. त्याआधी, २०१६ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या १७ वर्षांच्या १,१०८ जणांचा अभ्यास आला होता. त्यात बसण्याच्या ढबीनुसार गट पाडले होते: ताठ बसणारे, पोक काढणारे वगैरे. मानदुखीचं प्रमाण त्या गटांनुसार बदललं नाही.

म्हणजे मोबाइल निर्दोष सुटला का? नाही. पण त्याच्यावरचा आरोप बदलायला हवा. मान झुकवणं हा गुन्हा नाही, ती झुकण्यासाठीच बनलेली आहे. प्रश्न आहे तासन्‌तास एकाच जागी, एकाच कोनात थांबण्याचा. त्यात अपुरी झोप, निकालाचं टेन्शन आणि व्यायामाला मिळालेली सुट्टी मिसळा. मानेच्या स्नायूंना जितकं काम पडतं, तितकी ताकद त्यांच्यात उरत नाही. तक्रार तिथून सुरू होते.

एमआरआय काढून टाकू?

अशा दुखण्याला फिजिओथेरपीत ‘मेकॅनिकल नेक पेन’ म्हणतात. सोप्या भाषेत, मानेचे सांधे, स्नायू आणि आसपासचे भाग यांच्या हालचालीशी जोडलेलं दुखणं. ठरावीक बाजूला वळलं की दुखतं, बराच वेळ बसलं की वाढतं, जरा हललं-फिरलं की कमी होतं. हाड मोडलेलं नसतं, जंतुसंसर्ग नसतं, नस दाबली गेल्याची लक्षणं नसतात. विशीतली बहुतेक मानदुखी याच जातीची असते.

पण दोन आठवडे दुखलं की मनात किडा वळवळतो: ‘एमआरआय काढून टाकू एकदाचा.’ जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत किमान एक चकती बाहेर फुगलेली दिसली. विशीतल्यांमध्येही हे बहुतेकांना होतं, आणि दुखत मात्र कुणालाच नव्हतं! म्हणजे गरज नसताना काढलेल्या एमआरआयमध्ये काहीतरी सापडण्याची शक्यता भरपूर. मग त्या रिपोर्टवरचा ‘डिस्क बल्ज’ हा शब्द डोक्यात बसतो, माणूस मान हलवायला घाबरतो आणि न हलवल्यामुळे मान आणखी आखडते.

अर्थात काही वेळा थांबायचं नसतंच. अपघात किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं; हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा पकड सैल होणं; शर्टची बटणं लावताना अडखळणं, चालताना तोल जाणं; लघवी-शौचावरचा ताबा सुटणं; तापासोबत आखडलेली मान; अचानक आलेली, कधीच न अनुभवलेली डोकेदुखी; कारण नसताना घटलेलं वजन किंवा रात्री झोपू न देणारी कळ. यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा. यातली काही लक्षणं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठण्याची आहेत.

आणि सलूनमधली ती ‘कडाक’? तिला सरळ नाही म्हणा. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. झटक्याने मान पिळल्यावर धमनीच्या आतल्या थराला चीर जाण्याचा आणि त्यातून पक्षाघात होण्याचा धोका असतो. असं क्वचितच होतं, पण चंपीच्या बदल्यात तेवढी जोखीम घ्यायचं कारण काय? ‘दादा, मान नको’ एवढं म्हटलं की काम होतं.

दोन मिनिटांची गोष्ट

आता मुद्द्याचं. उपाय काय? तो ऐकून तुमची थोडी निराशा होईल, कारण त्यात विकत घेण्यासारखं फारसं काही नाही. उपाय आहे व्यायाम. तोही थोडा, कंटाळवाणा आणि नियमित.

डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाने रबरी ट्यूबने रोज फक्त २ मिनिटं व्यायाम केला, दुसऱ्याने १२ मिनिटं, आणि तिसऱ्याला फक्त आरोग्याची माहिती दिली. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. दुखणं ० ते १० या मापावर मोजलं. माहितीवाल्या गटाच्या तुलनेत २ मिनिटांच्या गटाचं दुखणं १.४ ने आणि १२ मिनिटांच्या गटाचं १.९ ने कमी झालं. सहापट वेळ दिला, तरी फायदा सहापट झाला नाही. ‘मला वेळच नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे कप्प्यातल्या भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

अमेरिकेत २०१२ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात २ ते १२ आठवडे मान दुखत असलेल्या २७२ जणांचे तीन गट केले होते. एकाला औषधं, एकाला तज्ज्ञाच्या हातचे मणक्याचे उपचार, आणि एकाला घरी करायचे साधे व्यायाम शिकवले. १२ आठवड्यांनी हातच्या उपचारांचा गट औषधांच्या गटापेक्षा सरस होता. आणि घरच्या व्यायामाचा गट? तो हातच्या उपचारांच्या जवळपास बरोबरीने उभा होता. त्यांना शिकवायला तासाभराच्या दोन भेटी पुरल्या होत्या.

याचा अर्थ फिजिओथेरपिस्टची गरज नाही असा नाही. उलट त्यांचं खरं काम काय ते यातून कळतं. तुमचं दुखणं कुठल्या जातीचं आहे ते तपासणं, योग्य व्यायाम निवडणं आणि तो तुम्हाला नीट शिकवणं. नुसतं मशीन लावून, शेक देऊन ‘उद्या या’ सांगणारा आणि एकही व्यायाम न शिकवणारा भेटला, तर शांतपणे विचारा: ‘मॅडम/सर, घरी मी काय करू?’

करून बघा: सहा व्यायाम

लक्षणं साधी असतील, वर सांगितलेली धोक्याची चिन्हं नसतील, तर एवढ्यापासून सुरुवात करता येते. पहिले दोन दिवसभरात केव्हाही करा, बाकीचे आठवड्यातून तीन ते पाच दिवस.

१. मान वळवणं. खुर्चीत बसा. मान हळूहळू उजवीकडे, मग डावीकडे, जिथपर्यंत सहज जाते तिथपर्यंत. मग कान खांद्याकडे. प्रत्येक बाजूला ५ ते १० वेळा. दिवसातून बऱ्याचदा केलं तरी चालतं. झटका नको.

२. पाठ मागे टाकणं. खुर्चीची पाठ खांद्यांच्या जरा खाली येईल असं बसा. हात डोक्यामागे घ्या आणि छाती वर उघडत वरची पाठ मागे वळवा. १० वेळा. वरची पाठ ताठरलेली असेल तर मानेवरचं काम वाढतं.

३. हनुवटी मागे. नजर समोर. हनुवटी वर किंवा खाली न करता सरळ मागे ओढा, कप्प्याचं ड्रॉवर ढकलल्यासारखी. डबल चिन दिसली म्हणजे जमलं. ५ ते १० सेकंद धरा, १० वेळा. बसून जमत नसेल तर उताणं झोपून करा. मानेच्या पुढच्या बाजूचे खोलवरचे स्नायू यात काम करतात.

४. तळहाताशी कुस्ती. तळहात कपाळावर ठेवा. डोक्याने हात ढकला, हाताने अडवा. मान जागची हलता कामा नये. ५ ते १० सेकंद, ५ वेळा. मग हेच डोक्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना. जोर निम्माच लावा.

५. बँड ओढणं. रेझिस्टन्स बँड खिडकीच्या मजबूत गजाला अडकवा. कोपर शरीराजवळ ठेवून बँड पोटाकडे ओढा आणि खांद्यांमागची दोन सपाट हाडं एकमेकांजवळ आणा. १० ते १२ वेळा, दोन ते तीन सेट.

६. हात बाजूला उचलणं. डेन्मार्कच्या प्रयोगातला व्यायाम हाच. बँडवर पाय देऊन उभे राहा, दोन्ही टोकं हातांत. कोपर किंचित वाकवून हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत न्या, हळू खाली आणा. थकेपर्यंत, जास्तीत जास्त २ मिनिटं. बँड नसेल तर एक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या घ्या.

नियम एकच. व्यायाम करताना थोडं ओढल्यासारखं, थोडं दुखल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी शांत झालं तर चालेल. दुखणं वाढतच गेलं, हातात उतरलं किंवा चक्कर आली तर थांबा आणि दाखवा. आणि फरक दिसायला सहा ते दहा आठवडे द्या. तीन दिवस करून ‘काही उपयोग नाही’ म्हणणं म्हणजे एक प्रकरण वाचून पेपर अवघड होता म्हणण्यासारखं आहे.

‘डॉ.’ कोण?

दाखवायचं कुणाला, हाही प्रश्नच आहे. त्यावर गेल्या वर्षी दिल्लीत मोठी गंमत झाली. एप्रिल २०२५ मध्ये फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम जाहीर झाला. पदवीधरांनी नावाआधी ‘डॉ.’ आणि नंतर ‘पीटी’ लावावं, असं त्यात सुचवलं होतं. ९ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये, रुग्णांचा गोंधळ होतो. दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, विषयाचा आणखी विचार व्हायला हवा असं सांगत ते पत्र मागेही घेतलं.

यावर सोशल मीडियावर दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं. पण आपल्यासारख्या दुखऱ्या मानवाल्यांच्या दृष्टीने पाटीवरच्या ‘डॉ.’पेक्षा महत्त्वाचं आहे ते शिक्षण आणि नोंदणी. भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं तेच मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. महाराष्ट्रात या व्यवसायाच्या नोंदणीसाठी २००२ च्या कायद्याने स्वतंत्र परिषद आहे. २०२१ मध्ये देशपातळीवर आलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यातही फिजिओथेरपीचा समावेश आहे. म्हणून ‘बीपीटी केलंय का, नोंदणी आहे का’ हे विचारणं उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे. रीलवर ‘पोश्चर कोच’ म्हणून मिरवणाऱ्याला तर हा प्रश्न पहिल्यांदा विचारा. पैशांची अडचण असेल तर मेडिकल कॉलेजला जोडलेल्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात जा. फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीही असतात. रांग असेल, पण शिकलेला माणूस भेटेल.

मान एकट्याची, खुर्ची सगळ्यांची

इथपर्यंत सगळी जबाबदारी मानवाल्यावरच टाकली. ते अर्धंच खरं आहे.

अभ्यासिकेच्या त्याच गल्लीत दोन प्रकारची शरीरं राहतात. पोलीस भरतीची आणि पीएसआयच्या फिजिकलची तयारी करणारे पहाटे मैदान गाठतात, कारण तिथे शरीराला मार्क आहेत. राज्यसेवावाला मात्र जिना उतरून चहाला जातो तेवढीच त्याची हालचाल. त्यात राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय. वाचायचे तास होतेच, त्यावर हाताने पानंच्या पानं उत्तरं लिहिण्याचा सराव आला. लिहिताना मान मोबाइलपेक्षाही जास्त वेळ आणि जास्त हट्टाने खाली असते. नोट्स विकणारे, टेस्ट सिरीज विकणारे भरपूर. पण ‘दर पाऊण तासाने उठा’ असं सांगणारी एक घंटा लावलेली अभ्यासिका मी तरी अजून बघितलेली नाही.

लावायला खर्च किती? एक घंटा. टेबल-खुर्च्या एकाच मापाच्या न ठेवता दोन-तीन मापांच्या ठेवता येतात. उभं राहून वाचायला भिंतीलगत एक उंच फळी ठोकता येते. आजीकडे पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड असतो ना, तसा एक पुस्तकाला मिळाला तरी मान निम्मी वर येते. आजीला ‘एर्गोनॉमिक्स’ शब्द माहीत नव्हता, पण पारायणाला बसताना पुस्तक वर आणायचं असतं आणि अध्याय संपला की उठायचं असतं, हे माहीत होतं. कॉलेजांनाही करण्यासारखं आहे. जिमखाना फक्त टीममधल्या मुलांचा न ठेवता परीक्षेच्या काळात सगळ्यांना उघडा ठेवला, तरी खूप झालं.

आणि आपण? आपल्याकडे एक विचित्र हिशेब आहे. व्यायामाची वीस मिनिटं म्हणजे ‘वाया गेलेली’ वीस मिनिटं. पण दुखऱ्या मानेने तीच ओळ चारदा वाचण्यात गेलेला तास कुणी मोजत नाही. बाम, गोळी, पट्टा, पुन्हा बाम यात गेलेले पैसे आणि संध्याकाळीही मोजत नाही. परीक्षा एका वर्षाची असेल, दोन वर्षांची असेल. ही मान मात्र पुढची पन्नास वर्षं वापरायची आहे.

त्यामुळे आज रात्री अभ्यासिकेत शेजारचा मान चोळताना दिसला, तर त्याला बेल्टची लिंक पाठवू नका. खांद्यावर थाप मारा आणि म्हणा, ‘चल, दोन मिनिटं उठ.’ पाण्याच्या बाटल्या दोघांकडे असतीलच.